एकतीस इंच

मल्हारपेठेच्या अलीकडे, वजनकाट्याला लागून
इलाही शिकलगारचं गॅरेज.
त्याचा आजा विळ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरला,
हा ग्राइंडरनं मडगार्ड कापतो.
"ठिणगी घराण्यातलीच हाय," म्हणतो,
आणि चष्मा कपाळावर ठेवून कापत राहतो.

जीप अठ्ठ्याण्णवची. कंपनीच्या लिलावात मी घेतली,
कारण तिच्या डॅशबोर्डवरचे ग्रीसचे डाग
माझ्याच बोटांचे होते.
अठरा वर्षं तिच्यातून वनकुसवड्याच्या सड्यावर गेलो,
पंख्यांच्या पोटात शिरून शिडी चढायला.

आता सोळा ते बावीस नंबरांकडची वाट
पाण्यानं आतून खाल्लीय.
जांभ्याचे दात वर आलेत.
रोज संध्याकाळी डिफरन्शियलच्या गोळ्यावर
दगडाची नवी सही.

म्हणून एकतीसचे टायर. कऱ्हाडातून, वापरलेले,
साठ टक्के बटण शिल्लक.
सुलभा म्हणाली, "त्या पैशात गुडघ्यांचं बघितलं असतं."
तिच्या गुडघ्यांचं की माझ्या, ते तिनं सांगितलं नाही.

शिकलगार म्हणाला,
"मोठा टायर घालणं म्हंजे नुसता टायर घालणं नव्हं.
एक उठला की सगळ्यांना उठावं लागतं."
रिम पंधराची झाली.
शॅकल लांब केले, पाट्यांत एक पान वाढलं,
तर ब्रेकचे पाइप अपुरे पडले.
पाइप बदलले, तर खालचा शाफ्ट कण्हायला लागला.
तीन दिवस तो जीपखाली,
आणि मी बाहेर स्टुलावर,
पाने-पक्कड हातात देत, ऑपरेशनच्या नर्ससारखा.

स्टेअरिंग पुरतं तोडलं की टायर पाट्याला घासायचा.
त्यानं स्टॉपरचा बोल्ट दोन आटे बाहेर काढला.
"आता वळायला जागा जास्त लागंल.
आधी एका दमात फिरायची,
आता जरा मागं घ्या, मग फिरवा."
छप्पन्नाव्या वर्षी हे मी नीट ऐकून घेतलं.

"आन् मीटर खोटं बोलंल.
शंभर गेलात तर ब्याण्णव दाखवंल."
"मग उरलेले आठ?"
"ते तुमचे. कुणाला सांगू नगा."

शुक्रवारी सर्व्हेची तीन पोरं घेऊन वर गेलो.
घाटात चौथा गिअर लागलाच नाही,
पण जांभ्यावर जीप अशी चढली
जशी म्हैस ओढ्यातून काठावर येते,
घाई नाही, आणि शंकाही नाही.

पोरं म्हणाली, जुने पंखे काढायचेत, काका.
त्यांच्या जागी मोठे.
एकेक पातं तुमच्या जीपसारख्या दहा उभ्या केल्या तर त्याहून लांब.
एकानं विचारलं, "पाया जुनाच चालेल का हो?"
मी म्हटलं, "मल्हारपेठेत एक माणूस आहे, त्याला विचारा."
त्यांना वाटलं, इंजिनिअर असेल.

जुने टायर टाकले नाहीत.
गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलेत, चार कोपऱ्यांना चार.
इतकी वर्षं मला वाऱ्यापर्यंत नेत होते,
आता वाऱ्याला पत्रा नेऊ देत नाहीत.
पाचवा, स्टेपनीचा, कोंबडीनं घेतला.

कंपनी पैसे देते किलोमीटरवर, मीटर दाखवेल तसे.
वहीत मी शेहेचाळीस लिहिले. गेलो होतो पन्नास.
त्यातल्या पोरानं मोबाइल काढून हिशोब दाखवला,
"काका, तुमचे चार कमी पडतायत."
असू दे म्हटलं.

त्यांचं काम संपल्यावर, ती डबा खात बसली तेव्हा,
मी एकोणीस नंबरला जाऊन आलो होतो.
दार गंजलेलं. आत, शिडीच्या तिसऱ्या पायरीशेजारी
खिळ्यानं ओढलेल्या रेघा अजून आहेत,
भानुदास पाटोळे आणि मी, कोण किती वेळा चढला.
त्याच्या रेघा दोननं जास्त.

बाहेर आलो, जीप वळवली.
एकदा मागं घ्यावी लागली.